नव्या बाळाचे स्वागत, थोरल्या मुलांचा मान

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेब डॉ. आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून मी दोन शब्द बोलणार आहे. मी काही वक्ता नाही. तीस-बत्तीस वर्षं रायगड जिल्ह्यात नर्सबाई म्हणून खेडोपाडी फिरले. किती बाळंतपणं केली त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही. म्हणून मंडळाच्या भगिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही बाळाच्या संगोपनावर बोला." मी हो म्हटलं. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा वाटलं, दूध कसं पाजावं, लस कधी टोचावी हे सांगायला दवाखाने आहेत, आशाताई आहेत. तेही थोडं सांगेनच. पण जे दवाखान्यात कुणी सांगत नाही, आणि जे मी स्वतः नर्स असून माझ्या घरात चुकले, ते आज तुमच्यापुढे कबूल करावं असं मनात आहे.

आधी माझं घर सांगते. आपल्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक आहे. माझी थोरली सून २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. मागे एक मुलगी, एक मुलगा. मुलगी सहा-सात वर्षांची होती, मुलगा तर अगदी लहान. दोन-अडीच वर्षांनी माझ्या मुलाचा दुसरा विवाह याच विहारात झाला. नवी सून पण विधवा, तिचे पहिले यजमान अपघातात गेलेले. तिच्या बरोबर तिचा मुलगा आला. म्हणजे थोरल्याची तीन मुलं झाली, एक मुलगी आणि दोन मुलगे. शिवाय धाकटा मुलगा, त्याची बायको, त्यांचं तीन वर्षांचं पोर, माझी थोरली जाऊ आणि मी. सिडकोच्या शेजारी शेजारी असलेल्या दोन लहान घरांत मिळून दहा माणसं. मागच्या वर्षावासात अकरावं माणूस आलं, माझी नात.

सुनेला घेऊन आम्ही जुन्या पनवेलहून रिक्षाने पूल ओलांडून घरी आलो. पाऊस होता. दारात सगळी आळी जमली होती. कुणी म्हणालं, भाकरतुकडा ओवाळून टाका, बाळाला दृष्ट लागेल. मी ठणकावून सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात हे चालत नाही." पाचवी नाही, सटवाई नाही, काळा टीका नाही, काजळ नाही. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला. आणि त्याच अभिमानात मी दोन चुका केल्या.

पहिली चूक जिभेची. बाळाला हातात घेऊन मी मोठ्यानं म्हणाले, "आता कुठं घर पूर्ण झालं!" माझ्या मनात वाईट काही नव्हतं. पण दारात तीन मुलं उभी होती. त्यांनी काय ऐकलं असेल? की आजपर्यंत हे घर अपुरंच होतं. आम्ही होतो तरी अपुरं होतं.

दुसरी चूक हाताची. कपाटाच्या वरच्या फळीवर एक गोधडी होती. माझ्या गेलेल्या सुनेनं पहिल्या बाळंतपणाच्या आधी आपल्या जुन्या साड्यांची शिवलेली. मऊ, धुवट, बाळाला अंथरायला याच्याइतकं चांगलं काय? मी ती काढली, पाळण्यात घातली आणि बाळाला वर निजवलं. कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही.

त्या रात्री माझी थोरली नात जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. मी नर्स, तिचं पोट दाबून पाहिलं, ओवा दिला. माझ्या जावेनं मला बाजूला नेलं. ती शाळा शिकलेली नाही. ती म्हणाली, "अगं, पोट कुठलं दुखतंय? ती गोधडी तिच्या आईची. तिच्याजवळ आईचं तेवढंच उरलंय. तू तिला विचारलंस का?"

भगिनींनो, इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी मला इतकं गप्प केलं नव्हतं.

मग मला बाबासाहेबांचं बालपण आठवलं. आपण १४ एप्रिलला दरवर्षी मिरवणूक काढतो. १८९१ साली महूला जन्म, रामजीबाबा आणि भीमाबाईंचं चौदावं अपत्य, हे आपल्या पोरांना तोंडपाठ असतं. पण पाच-सहा वर्षांच्या भीमाची आई गेली, मीराबाई आत्यांनी त्याला मायेनं वाढवलं, आणि पुढं रामजीबाबांनी दुसरं लग्न केलं, इथं आपण घाईघाईनं पुढं जातो. धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे की आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमाला सहन होत नसे. जिजाबाई वाईट होत्या असं मी म्हणत नाही. घरात आलेल्या बाईला घरातले दागिने घातले, मोठ्यांच्या दृष्टीनं त्यात गैर काय? पण लहान मुलाच्या दृष्टीनं ते दागिने नव्हते, आई होती. तेव्हा मोठ्यांपैकी कुणी त्याला जवळ घेऊन विचारलं असतं तर? माझी गोधडी आणि ते दागिने, दोन्ही एकच. शंभर-सव्वाशे वर्षांनी मी तेच केलं, आणि तेही बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावलेल्या घरात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. बाळाचं स्वागत जरूर करा, पेढे वाटा. पण आधीच्या मुलांची जागा, त्यांच्या वस्तू, त्यांच्या गेलेल्या माणसाची आठवण यांतून काढून घेऊन बाळाला देऊ नका. बाळासाठी नवी जागा करा. जुन्या जागेवरून कुणाला उठवू नका.

आता तथागतांच्या घराकडे पाहू. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आपण वर्षावासात वाचतो. त्यात बाबासाहेबांनी लिहिलं आहे की पाचव्या दिवशी बाळाचं नाव सिद्धार्थ ठेवलं, आणि बाळ सात दिवसांचं असताना महामाया गेली. ज्या घरात बारशाची फुलं सुकली नसतील त्याच घरात मृत्यू आला. मग महाप्रजापती गौतमीनं त्या बाळाला वाढवलं. ती सिद्धार्थाची मावशी. पुढं तिला स्वतःचा मुलगा झाला, नंद. म्हणजे राजवाड्यातही एक आईवेगळं मूल होतं, एक पोटचं मूल होतं आणि एकच आई दोघांची होती. पाली ग्रंथांत दक्खिणाविभंग सुत्तात आनंद भगवंतांना आठवण करून देतो की तुमची आई गेल्यावर या मावशीनं तुम्हाला आपलं दूध पाजलं आहे. पुढं हीच गौतमी भिक्खुणी संघातली पहिली भिक्खुणी झाली. आपण तिला वंदन करतो, पण आपल्या गल्लीत एखादी बाई दुसऱ्याचं मूल सांभाळत असेल तर तिच्याकडे काय नजरेनं पाहतो? "सावत्र आहे, बघू कशी वागते ते!"

इथं माझी आणखी एक गोष्ट सांगते. माझी नात नव्या सुनेला 'मावशी' म्हणते. मी तिला सारखी टोकत असे, "मावशी काय, आई म्हण!" महाप्रजापतीचा विचार केल्यावर माझं मलाच हसू आलं. मावशी हा शब्द काय कमी आहे? सुनेचा मुलगा माझ्या मुलाला 'काका' म्हणतो. आता आम्ही कुणालाच टोकत नाही. नातं रुजलं की शब्द आपला आपण येतो, नाही आला तरी नातं राहतं.

बाबासाहेबांच्या परळच्या घरातही असंच होतं. थोरले बंधू आनंदराव गेले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद याच कुटुंबात राहिले. माता रमाईंनी आपली चार मुलं लहानपणीच गमावली होती, यशवंत तेवढे वाचले. आपल्यावर एवढं दुःख असताना दिराचं मूल आपल्या मुलाबरोबर वाढवणं, हे त्या माऊलीनं केलं. आपण तिची लेकरं आहोत.

आता आमच्या घरी पुढं काय झालं ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती गोधडी पाळण्यातून काढली, धुतली, वाळवली. पावसाचे दिवस, तीन दिवस वाळली नाही. वाळल्यावर घडी करून नातीच्या हातात दिली आणि म्हणाले, "बाळा, माझी चूक झाली. ही तुझ्या आईची. तुला विचारल्याशिवाय मी घ्यायला नको होती." ती काही बोलली नाही. गोधडी घेऊन आपल्या दप्तराच्या कप्प्यात कोंबली. दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. मला वाटलं होतं क्षमा मागितली की लगेच मिठी मारील. तसं सिनेमात होतं. घरात वेळ लागतो, आणि मोठ्या माणसानं तो वेळ द्यायचा असतो.

मग नामकरणाची पत्रिका छापायची होती. खाली 'आमचे चिमुकले' म्हणून मुलांची नावं घालतात ना, तिथं घोळ झाला. दोघांचं आडनाव एक, सुनेच्या मुलाचं वेगळं. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आजी, माझं नाव येणार का?" नऊ वर्षांचं पोर! त्याच्या मनात हा प्रश्न किती दिवस असेल कोण जाणे. आम्ही ठरवलं, आडनाव कुणाचंच नको. वयाच्या क्रमानं नुसती नावं छापली. नामकरण इथंच, याच विहारात झालं. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, परित्राण पाठ झाला. बाळाला मांडीवर घेऊन सून बसली आणि तिन्ही मुलांनी मिळून नाव जाहीर केलं. ते नाव सुचवलंही त्यांनीच होतं. आम्ही चार नावं त्यांच्यापुढं ठेवली, त्यांनी भांडून एक निवडलं. त्या दिवसापासून ते बाळ त्यांचं झालं. आता रडलं की आमच्या आधी तेच धावतात.

आता नर्सबाई म्हणून थोडं. मोठ्या घरात बाळाला प्रेम मोठं तसा धोकाही मोठा. दहा माणसांचे वीस हात. म्हणून पहिला नियम, हात साबणानं धुतल्याशिवाय बाळाला कुणी घ्यायचं नाही, आजीनंसुद्धा नाही. ज्याला सर्दी-खोकला-ताप आहे त्यानं लांबूनच पाहायचं. तोंडाचे, हातांचे मुके घ्यायचे नाहीत. शाळेतून आलेल्या मुलांना "बाळापासून लांब हो!" म्हणून ओरडू नका. "हात धुऊन ये, मग मांडीवर देते" म्हणा. गोष्ट एकच, पण एका वाक्यानं मूल परकं होतं, दुसऱ्यानं जबाबदार होतं.

जन्मल्यावर पहिल्या तासात आईचं दूध पाजावं. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकू नये, ती बाळाची पहिली लस आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, मध नको, गुटी नको, पाणीसुद्धा नको. नाळेला हळद-तेल लावू नये, ती कोरडी ठेवावी. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस. त्यानंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशी चुकवू नयेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला दारातून परत पाठवू नका. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, श्वास फार जोरात चालला असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

आणि बाळंतिणीकडे लक्ष द्या. दुसरेपणाच्या घरातली बाळंतीण दुप्पट दबावाखाली असते. बाळाला जवळ घेतलं तर लोक म्हणतात, "बघा, आता आधीच्यांना विसरली." आधीच्यांना जवळ घेतलं तर म्हणतात, "देखावा करते." ती रडत असेल, झोप नसेल, आणि दोन आठवड्यांनंतरही मन थाऱ्यावर येत नसेल तर तो आजार आहे, त्याला औषध आहे. तिला डॉक्टरकडे न्या.

शेजाऱ्यांना हात जोडून एक विनंती. आपण सगळे इथं बाहेरूनच आलो. कुणी महाड-माणगावचे, कुणी साताऱ्याचे, कुणी मराठवाडा-विदर्भातले. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढं या वसाहती उभ्या राहिल्या, आणि वेगवेगळ्या गावची माणसं एका विहारात बसायला लागली. इथं आपल्याला कुणी सख्खं-सावत्र विचारलं नाही. मग आपण लहान मुलाला जिन्यात अडवून का विचारतो, "हे तुझं सख्खं भावंड का रे?" माझ्या नातवाला असं तीनदा विचारलं गेलं. तिसऱ्यांदा त्यानं उत्तर दिलं, "ती आमची आहे." तेवढं उत्तर पुरेसं आहे. प्रश्नच विचारू नका.

शेवटी कागदपत्रांचं बोलते. माया पोटात असते, पण ती कागदावरही यायला हवी, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. बाळाच्या जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखलाच पुरावा धरला जातो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. आईचं नाव कागदावर येणं ही आपल्यासारख्या घरात फार मोठी गोष्ट आहे.

एक निकालही सांगते, कारण तो माझ्याच व्यवसायातल्या बाईचा आहे. चंदीगडच्या एका मोठ्या सरकारी वैद्यकीय संस्थेतली परिचारिका. तिच्या नवऱ्याला आधीच्या लग्नाची दोन मुलं होती. तिनं त्यांची नावं आपल्या नोकरीच्या कागदांत लावली, त्यांच्यासाठी बालसंगोपन रजाही घेतली. पुढं तिला स्वतःचं बाळ झालं तेव्हा तिला बाळंतपणाची रजा नाकारली, का तर तुम्हाला आधीच दोन मुलं आहेत! सगळीकडे हरून ती सर्वोच्च न्यायालयात गेली. १६ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला आणि सांगितलं की पुनर्विवाहानं, दत्तकानं, अनेक प्रकारांनी कुटुंबं बनतात, त्यांनाही कायद्याचं संरक्षण मिळालं पाहिजे. तिनं आधीच्या मुलांना माया लावली, त्याची शिक्षा तिला झाली नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्यासाठी बाबासाहेब बोलले होते, ती वाट इथवर आली.

पण एक गोष्ट कायदा आपोआप करत नाही. सावत्र वडिलांच्या मालमत्तेत त्यांनी न जन्म दिलेल्या मुलाला आपोआप वारसा मिळत नाही. आपण बौद्ध असलो तरी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्याला लागू आहे. नुसतं नॉमिनेशन म्हणजे वारसा नव्हे. द्यायचं असेल तर मृत्युपत्र करावं लागतं किंवा रीतसर दत्तक घ्यावं लागतं. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आईबापांची कर्तव्यं सांगितली, त्यात योग्य वेळी वारसा सोपवणं हेही एक आहे. बारशाच्या हॉलला आणि कॅटरर्सला आपण हजारो रुपये देतो. त्यातला एक दिवस आणि थोडे पैसे वकिलाकडे गेले तर पुढची कोर्टकचेरी वाचते. माझ्या मुलानं नामकरणानंतर महिन्याभरात मृत्युपत्र केलं, चारही मुलांच्या नावे, सारखं.

माझं भाषण लांबलं. गोधडीचं काय झालं तेवढं सांगून थांबते. बाळाला अंथरायला काहीतरी हवंच होतं. म्हणून माझ्या जावेनं नवी गोधडी शिवायला घेतली. प्रत्येकाकडे जाऊन विचारलं, "तुझा एक जुना कपडा देतोस का?" माझं लुगडं, सुनेची साडी, दोन्ही पोरांचे शाळेचे शर्ट, धाकट्यांचे कपडे. माझी नात दोन दिवस काही देईना. आम्ही मागितलंही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आपला लहानपणीचा एक फ्रॉक आणून जावेच्या मांडीवर टाकला. तो तिच्या आईनं घेतलेला होता. आईची गोधडी मात्र तिनं दिली नाही. ती आजही तिच्याच कप्प्यात आहे आणि तिथंच राहील.

नवी गोधडी आता आमच्या पाळण्यात आहे. आपल्या घरी बाळ येईल तेव्हा, मायबहिणींनो, आधी मोठ्या मुलांना विचारा. एवढंच सांगायचं होतं.

जयभीम! नमो बुद्धाय!